अ‍ॅडव्हेंचर आयलंड लहानपणी सोपा होता का? (बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी हजेरी लावावी)

तिसरा_गेट

नव्वदीत टिळकवाडीत शाळेत असलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. हा टीव्हीला डबा जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. गवताचा घागरा, डोक्यावर पांढरी टोपी, वर उघडाबंब असा एक गडी. दगडी कुऱ्हाड फेकतो, फळं खातो, अंडं फुटलं की स्केटबोर्ड मिळतो. आठ प्रदेश, प्रत्येकात चार फेऱ्या, म्हणजे एकूण ३२. वर ऊर्जेची पट्टी असते. ती उभं राहिलं तरी संपत जाते, त्यामुळे थांबून विचार करायची सोय नाही. गोगलगाय नुसती पायाला लागली तरी मेला. मेला की कुऱ्हाड गेली, आता रिकाम्या हाताने पुढची पाटी गाठा.

आमच्या गल्लीत हा गेम कुणी संपवला नाही. ‘माझ्या मामाच्या पोरानं संपवलाय’ असं सांगणारे भरपूर होते. तो मामाचा पोरगा नेहमी कोल्हापूरला नाहीतर म्हापशाला राहणारा.

तर भाच्याच्या लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या डब्याचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून घेतला आणि बसलो. पहिला प्रदेश कसाबसा निघतो. दुसऱ्यात दमछाक. माझं मत असं झालंय की हा तो गेम नव्हेच. गड्याची चाल वेगळी आहे, कोब्रा जास्त जवळ आल्यासारखा वाटतो, गाणंसुद्धा कुणीतरी मागे लागल्यासारखं घाईत वाजतं. बायको म्हणते वय झालं. हे मी मान्य करणार नाही.

आणखी कुणाला असं जाणवलंय का? कॉन्ट्रा या दुसऱ्या गेमवाल्यांनी कृपया तीस लाइफ घेऊन इथं येऊ नये.

खानापूरकर

गाण्याचं मला पण वाटलं होतं गा. मी समजलो यूट्यूबवाल्यानं व्हिडिओ पळवलाय.

आमच्याकडं गेम होता, टीव्ही पण होता, करंट नव्हता. केईबीवाले पावसात तारेवर फांदी पडली की दोन-दोन दिवस फिरकायचे नाहीत. चौथ्या प्रदेशापर्यंत गेलो की हमखास लाइट जायची. गेममध्ये काही साठवून ठेवता येत नव्हतं, सगळं पहिल्यापासून. आई म्हणायची, बरं झालं, आता पाढे म्हण.

मार्कंडेय

तिसरा_गेट, तुमचं वय झालंय की नाही मला माहीत नाही, पण गेम खरंच जोरात पळतोय. यात भास नाही.

त्या काळी जपान आणि अमेरिकेतला टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला ६० वेळा चित्र. आपला दूरदर्शनपासूनचा टीव्ही पाल पद्धतीचा, ५० वेळा. हे जुने गेम घड्याळ बघून चालत नाहीत, चित्र मोजून चालतात. प्रत्येक चित्राला एकदा बटण दाबलंय का बघायचं, गड्याला इतके ठिपके पुढे सरकवायचं, गाण्याची पुढची सुरावट वाजवायची. चित्रं कमी आली की सगळं त्याच प्रमाणात संथ. ५० म्हणजे ६० च्या पाच षष्ठांश. आपण लहानपणी खेळलो तो गेम जपानी पोरांपेक्षा साधारण १७ टक्के हळू चालत होता. तुमच्या भाच्याच्या लॅपटॉपवर तो मूळ जपानी वेगाने चालतोय, म्हणजे तुमच्या आठवणीतल्यापेक्षा २० टक्के जलद.

आता हे अंगठ्याला कसं लागतं ते बघा. समजा कोब्रा दिसल्यापासून उडी मारेपर्यंत ३० चित्रांची सवड आहे. आपल्या टीव्हीवर ती ०.६ सेकंद झाली, जपानी वेगावर ०.५. डोळ्याला दिसणं, मेंदूला कळणं आणि अंगठा हलणं यातच पाव सेकंद जातो. त्यामुळे विचाराला उरलेल्या सवडीतला जवळपास तिसरा हिस्सा गेला.

आपल्याकडचे समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर असले डबे म्हणजे निंटेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आलं. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांसाठी नकलेची वेगळी चिप काढली होती, तिची गंमत अशी की जपानी कॅसेट त्यात न बिघडता चालायची, फक्त ५० चित्रांनी. प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ, मूळ १.७९. हा फरक नगण्य, म्हणून सूर जवळजवळ तोच राहायचा आणि लय तेवढी मंद व्हायची. तुमच्या कानाला ‘घाईत वाजतं’ वाटलं ते याच्यामुळे.

रशियात डेंडी नावाचा याच जातीचा डबा फार चालला. त्यामुळे एम्युलेटरमध्ये या पद्धतीचं नावच डेंडी पडलंय. मेसेन किंवा एफसीईयूएक्समध्ये रीजनच्या सेटिंगमध्ये जाऊन एनटीएससीच्या जागी डेंडी करा, आणि सांगा.

तिसरा_गेट

केलं. राव, पहिल्या सुरालाच कळलं. हेच ते.

वरच्या मजल्यावर बहीण झोपली होती, ती खाली येऊन विचारते, अजून चालतोय का तो डबा? तिला लॅपटॉप दिसलाच नव्हता, नुसतं गाणं ऐकून आली. बायकोला हा पुरावा दाखवला. तिचं मत बदललेलं नाही.

यल्लूरकर

मार्कंडेय साहेबांचं गणित बरोबर आहे पण त्यातनं तुम्ही काढताय तो निष्कर्ष मला पटत नाही. गेम १७ टक्के हळू होता ना? मग आपण संपवायला पाहिजे होता. जपानी पोरांनी जोराच्या वेगावर संपवला, आपण संथ वेगावर सुद्धा अडकलो. म्हणजे कठीणपणा वेगात नव्हताच.

माझ्या मते मुख्य कारण रांग. एक डबा, दोन रिमोट, त्यातला एक कायम मेलेला, आणि कट्ट्यावर आठ पोरं. आपला नंबर येणार तीन लाइफसाठी. मेलं की उठायचं. गोगलगाईला धडकून उठलेल्या माणसाला पुढच्या दगडाची जागा कधी कळणार? सराव झालाच नाही कुणाचा. ज्याच्या घरी डबा त्यालाच काय ते जमायचं, आणि तो नंबर लावताना चोरी करायचा ती वेगळी.

निपाणीची_लेक

यल्लूरकरांना पूर्ण अनुमोदन. मी पाचव्या प्रदेशापर्यंत जात होते आणि त्याचं कारण एवढंच की आमच्याकडे रांग नव्हती.

आमच्या घरी आई आणि मावशी विड्या वळायच्या. संध्याकाळी वखारीकडचा माल मोजून द्यायचा असायचा, त्यामुळे दुपारभर दोघी मांडीवर सूप घेऊन टीव्हीच्या खोलीतच बसलेल्या. त्यांना टीव्हीवर काहीतरी हलतंय एवढं पुरायचं. दादा बाहेर क्रिकेटला. मग रिमोट माझ्याकडे. मावशी न बघता पान कापायची, जर्दा भरायची, दोरा गुंडाळायची आणि मध्येच मान वर करून म्हणायची, ‘आता वरनं कोळी येतोय बघ.’ आणि यायचा! तिने एकदाही रिमोट हातात धरला नाही, पण तिला सगळं पाठ.

कारण त्या गेममध्ये काहीच आपोआप बदलत नाही. दगड कुठे गडगडणार, बेडूक कधी उडी मारणार, लपलेलं अंडं कुठे आहे, सगळं दर वेळी तिथेच. चपळाई लागते, नाही असं नाही, पण पाठांतर जास्त लागतं. आणि बी दाबून पळालं की उडी लांब जाते. हे ज्यांना कळलं नाही ते दुसऱ्या प्रदेशातच पाण्यात पडत राहिले. आमच्या दादासकट.

स्केटबोर्डवर मात्र माझं कधी जमलं नाही. एक धक्का सोसतो म्हणून सगळे त्याच्या मागे. पण त्यावर थांबताच येत नाही. मी ते अंडं दिसलं की सरळ उडी मारून पुढे जायचे.

गोकाकचा_करदंट

माझं मराठी चालवून घ्या, घरी कन्नड, शाळेत कन्नड, पण मित्र सगळे शहापूर-वडगावचे.

एक तक्रार आहे आणि ती तीस वर्षं जुनी आहे. त्या गेममध्ये वांगं येतं. आठवतंय का? अंडं फोडलं की कधीकधी त्यातनं वांगं निघतं आणि डोक्याभोवती घिरट्या घालत ऊर्जेची पट्टी चटाचट खातं. आमच्याकडं एण्णेगाई (भरलं वांगं) आणि जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) म्हणजे देवाचा प्रसाद. वांग्यानं जीव जातो असं कुणी आमच्या आज्जीसमोर बोललं असतं तर त्याचा जीव तिनंच घेतला असता. जपानी लोकांना कुणीतरी धड वांगं खायला घालायला पाहिजे होतं.

आणि सरावाचं म्हणाल तर आमचा सराव १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिनाला. शहापुरातल्या मित्राच्या घरची मोठी माणसं सकाळी काळ्या दिनाच्या फेरीला. आमच्या घरची संध्याकाळी चन्नम्मा सर्कलला राज्योत्सवाची मिरवणूक बघायला. दुकानं बंद, शाळा बंद. आम्ही दोघं दिवसभर एका टीव्हीसमोर, दार आतनं लावून. दोन्ही घरी सांगून आलेलो असायचो की दंगा होईल म्हणून बाहेर पडत नाही.

तिसरा_गेट

करदंट अण्णा, वरच्या प्रतिसादाला दंडवत. वांगं मी पूर्ण विसरलो होतो. अण्णांचं वाचलं आणि आजच फेरीत भेटलं.

गुळाचा_चहा

तीस लाइफ घेऊन आलोय, माफी असावी.

तुम्ही कॉन्ट्राला एवढं हिणवू नका. तीन लाइफवर तिसरी स्टेज, धबधब्याची, काढून दाखवा दोघांनी मिळून. स्क्रीन वर सरकते आणि जो खाली राहतो तो मरतो. कुणी कुणाला मारलं यावरून आमच्याकडे सख्ख्या भावांनी बोलणं टाकलंय. वर आपले लाइफ संपले की दुसऱ्याचे उचलता येतात, मग तर काय.

वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. हा तीस लाइफचा कोड मला पहिल्यांदा कुणी सांगितला ते आठवत नाही, पण बेळगावात गणपत गल्लीपासून हिंडलग्यापर्यंत एकही पोर ते न येणारं नव्हतं. इंटरनेट नव्हतं, मासिकं येत नव्हती, तरी पोचलं. कसं पोचलं यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा.

मार्कंडेय

त्या कोडमागची गोष्ट कठीणपणाशीच संबंधित आहे म्हणून अवांतर धरत नाही. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रॅडियस हा गेम फॅमिकॉमवर आणत होते. तपासायला तो स्वतःच खेळावा लागायचा आणि त्यांना स्वतःला तो जमेना. म्हणून सगळी हत्यारं एकदम मिळावीत असा कोड त्यांनी घातला, तो विक्रीच्या कॅसेटमध्ये तसाच राहिला. पुढे १९८८ च्या कॉन्ट्रात त्याच कोडला तीस लाइफ. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. म्हणजे बनवणाऱ्यालाच झेपत नव्हतं, आपण कुठे.

अ‍ॅडव्हेंचर आयलंडबद्दल दोन गोष्टी. तो मुळात १९८६ चाच वंडर बॉय. एस्केप नावाच्या कंपनीने तो बनवला, सेगाने तो आर्केडमध्ये आणला. गेमचे हक्क एस्केपकडे, पण नाव आणि पात्रं सेगाची. हडसन कंपनीला तो फॅमिकॉमवर हवा होता, तर त्यांनी नायकच बदलला आणि त्या जागी स्वतःच्या नोकरीतला माणूस बसवला. ताकाहाशी मेइजिन. हा माणूस जपानात सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी प्रसिद्ध होता. आपल्या पांढऱ्या टोपीवाल्या गड्याचं मूळ ते. जपानात गेमचं नावही त्याच्याच नावाने आहे.

दुसरी गोष्ट सांगितली तर काही लोकांना रात्री झोप लागणार नाही. पहिल्या प्रदेशाच्या पहिल्या फेरीच्या शेवटाकडे एक मधमाशी लपवलेली आहे. हडसनचं बोधचिन्ह. ती मिळवली तर सगळे लाइफ संपल्यावरही जिथे मेलो त्या भागातून पुढे खेळता येतं.

खानापूरकर

काय????

निपाणीची_लेक

मावशीला फोन केला. ती म्हणाली, ‘मला कुठं सांगितलंस तू, नाहीतर शोधली असती.’

यल्लूरकर

हे बघा, माझाच मुद्दा सिद्ध झाला. जपानी पोरांना मासिकातनं, पुस्तिकेतनं असल्या गोष्टी कळायच्या. आपल्या ९९९९ इन १ कॅसेटबरोबर पुस्तिका कुठली? त्या ९९९९ मध्ये खरे गेम पंधरा-वीस, बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावाने. कुलूप आपल्याला दिलं, किल्ली जपानात ठेवली.

तिसरा_गेट

आता नैतिक प्रश्न. एम्युलेटरमध्ये सेव्ह स्टेट आहे, कुठेही थांबून तिथून परत. ते वापरायचं की नाही? भाचा म्हणतो न वापरणारा मूर्ख. शिवाय रिवाइंड पण आहे, मेलो की दोन सेकंद मागे.

निपाणीची_लेक

रिवाइंड नको. त्यात मरणंच राहत नाही, मग कोळ्याची जागा पाठ कशाला होईल? सेव्ह स्टेट फेरीच्या सुरुवातीला एकदा चालेल, मधमाशी तरी तेच करते. लाइट गेल्याची नुकसानभरपाई समजा.

खानापूरकर

केईबीकडनं व्याजासकट वसूल करायची आहे मला. मी वापरणार.

यल्लूरकर

अजिबात चालणार नाही. पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून.

गुळाचा_चहा

माळ्यावर जुना डबा सापडलाय, बंदुकीसकट. कॅसेट फुंकर मारून लावली तर मेनू येतो. पण बदक मारायच्या गेममध्ये बदकावर गोळीच लागत नाही. टीव्ही नवा, एलईडी. बंदूक गेली का?

मार्कंडेय

बंदुकीत गोळी कधीच नव्हती, ती उलटी आहे. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. चाप ओढला की पडदा एका चित्रापुरता पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी काळं आणि लगेच पांढरं दिसलं तर बदक मेलं. बल्बकडे बंदूक धरून फसवायचा प्रयत्न आपण सगळ्यांनी केलाय. तो या काळ्या चित्रामुळेच फसायचा, बल्ब काळा होत नाही ना. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र त्या क्षणी उमटतं. एलईडी टीव्ही ते आधी आत घेऊन साफसूफ करतो आणि मग उशिरा दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते. बंदूक चांगली असेल, तिला जुना टीव्ही द्या.

हाच उशीर गड्याच्या उडीलाही लागतो. टीव्हीने ५० मिलिसेकंद घेतले तर ६० च्या वेगावर तीन चित्रं गेली. टीव्हीत गेम मोड असेल तर चालू करा, पुष्कळ फरक पडतो. रेट्रोआर्च या एम्युलेटरमध्ये उशीर कमी करायची रन अहेड नावाची सोय आहे, तीही बघा.

आणि फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कॅसेट काढून परत घातल्यानेच काम होत होतं, श्रेय फुंकरीला मिळत गेलं. कानकोरण्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना? दुसरा लावणार असाल तर डब्यामागचं लेबल वाचून व्होल्टेज आणि आतलं टोक प्लस की मायनस ते जुळवा. या नकली डब्यांत दोन्ही प्रकार होते.

गुळाचा_चहा

लेबल उंदराने खाल्लंय.

मार्कंडेय

मग मूळ अ‍ॅडॉप्टरशिवाय हात लावू नका. मल्टिमीटरवाला कुणी असेल तर त्याच्याकडून आतली वाट तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

गोकाकचा_करदंट

डबा घेऊन बेळगावला या. माझ्या दुकानात मल्टिमीटर आहे आणि जुना १४ इंची टीव्ही पण चालू आहे, गिऱ्हाईक नेलाच नाही. बदक मारू. वांगं मी हाताळतो.

तिसरा_गेट

अपडेट. डेंडीवर, मधमाशी घेऊन, सेव्ह स्टेट न वापरता सहाव्या प्रदेशात पोचलोय. प्रत्येक प्रदेशाच्या शेवटी तोच राक्षस येतो, धड तेच, फक्त मुंडकं वेगळं. एवढ्या वर्षांनी कळलं की पुढे नवीन फारसं काही नव्हतंच. त्याच गुहा, तेच जंगल, दगड जास्त. कॅसेटमध्ये जागाच तेवढी. मोबाइलमधल्या एका फोटोला जितकी जागा लागते तिच्या कितीतरी कमीत हे सगळे ३२ राउंड बसवलेत.

पण मजा येतेय.

यल्लूरकर

अभिनंदन, पण डेंडीवरचं मी धरत नाही. ५० वर कुणीही जाईल. ६० वर करून दाखवा.

निपाणीची_लेक

यल्लूरकर, आधी तुम्ही ५० वर दुसरा प्रदेश काढल्याचा व्हिडिओ टाका. रिमोट दुसऱ्याच्या हातात नको.

यल्लूरकर

रविवारी टाकतो.

खानापूरकर

रविवारी आमच्याकडं लाइट नसणार, बोर्ड लावलाय. सोमवारी टाका.